मानेची गाठ : औषधाआधी सुई



मानेला गाठ आली की डॉक्टर म्हणून आपल्याला पहिला संशय क्षयाचा येतो. तो योग्यच आहे; आपल्याकडे अशा गाठींमागे क्षय फार वेळा असतो. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. गाठीतला थेंबभर नमुनाही न पाहता क्षयाची औषधे सुरू होतात, महिने जातात, गाठ वाढतच राहते आणि मग कधीतरी लिम्फोमाचे नाव निघते. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच, त्यामुळे नुसत्या तपासणीवर विसंबणे धोक्याचे. म्हणून माझे म्हणणे असे की, दोन-तीन आठवड्यांत न उतरलेल्या गाठीत औषधाआधी सुई गेली पाहिजे.

सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासण्याची ही पद्धत नवी नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी १९३० साली तिचे अनुभव प्रसिद्ध केले. पुढे स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने बारीक सुई रुळवली. २३ गेजची सुई, एक सिरिंज, चार काचपट्ट्या. भूल द्यावी लागत नाही. एवढ्यावर तीन वाटा वेगळ्या होतात. एपिथेलॉइड पेशींचे पुंजके आणि मृत पेशींचा गाळ दिसला तर क्षयाकडे बोट जाते, आणि उरलेला नमुना सीबीनॅटला पाठवता येतो. एकमेकींना चिकटलेल्या पेशींचे घोस दिसले तर तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग पसरल्याचा संशय येतो. तंबाखू-खर्ऱ्याच्या आपल्या पट्ट्यात ही शक्यता विसरून चालणार नाही. आणि सुट्या, एकाच ठशाच्या मोठ्या लसीका-पेशी किंवा रीड-स्टर्नबर्ग पेशी दिसल्या, तर लिम्फोमाचा दाट संशय.

सुईवरचा मुख्य आक्षेप खरा आहे. ती पेशी आणते, ग्रंथीची रचना आणत नाही. फॉलिक्युलर लिम्फोमासारखा मंद आजार साध्या सुजेसारखा भासू शकतो. हॉजकिनमध्ये तर क्षयासारखे ग्रॅन्युलोमाही आढळतात, म्हणून जंतूचा पुरावा नसलेला ‘ग्रॅन्युलोमा’ हा शब्द अंतिम मानू नये. पण यातून सुई नको, असे निघत नाही. सुईवर थांबू नये, एवढेच निघते. संशय दिसला की पूर्ण ग्रंथी काढून बायॉप्सी आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावीच; उपचार लिम्फोमाच्या प्रकारावर ठरतात. गाठीबरोबर टॉन्सिलही एकाच बाजूने वाढला असेल तर थेट बायॉप्सीच सोयीची. अहवाल निर्दोष आला, पण गाठ वाढतेच आहे, तर गाठीवर विश्वास ठेवावा, अहवालावर नव्हे. सुईने रोग पसरतो ही भीती मात्र सोडून द्यावी. बारीक सुईत तो धोका नगण्य आहे.

दुसरा आक्षेप सोयीचा : आपल्या लोणार तालुक्यात पेशीतज्ज्ञ कुठून आणायचा? आणावा लागत नाही, काचा प्रवास करतात. काही हवेत वाळवलेल्या, काही लगेच अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या. त्यांवर नाव आणि गाठीची जागा लिहिलेली. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बुलडाण्याचेही २०२४ मध्ये सुरू झाले. लसीकाग्रंथींच्या सुई-तपासणीसाठी २०२० मध्ये मांडलेली सिडनी पद्धत अहवाल पाच गटांत देते; तीच भाषा आपण मागावी, म्हणजे पुढे काय करायचे याचा गोंधळ राहणार नाही.

मोठ्या पेशींचा लिम्फोमा आणि हॉजकिन, दोन्ही बऱ्याच रुग्णांत पूर्ण बरे होतात. तेव्हा या सभागृहातून जाताना प्रत्येकाने एवढे ठरवावे : निदान न झालेल्या मानेच्या गाठीला स्टेरॉइड द्यायचे नाही, आणि नमुना घेतल्याशिवाय क्षयाची पहिली गोळी लिहायची नाही.