पासपोर्टात जातीचा रकाना नाही

(तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)

मला सांगण्यात आलं, युरोपवर बोल. आयफेल टॉवर, बर्फ, चॉकलेट यांवर बोलायला टूरवाले आहेत. त्यांचा धंदा आपण कशाला बुडवायचा? मी बोलणार आहे पैशाबद्दल, खोलीबद्दल, झाडूबद्दल आणि सीमेबद्दल. नव्या देशात माणूस नव्यानं उभा राहतो म्हणतात ना, तर तो कशावर उभा राहतो एवढंच मला सांगायचंय.

आधी मी कोण ते ऐका. माझी आई पालिकेच्या सफाई खात्यात होती. एकतीस वर्षं झाडू मारला. लाड-पागे समितीच्या शिफारशी तुम्हाला माहीत आहेत. सफाई कामगार निवृत्त झाला की त्याच्या वारसाला त्याच खात्यात नोकरी. कुणाच्या वारशात जमीन येते, कुणाच्या वाडा, कुणाच्या कारखाना. माझ्या वारशात झाडू आला. पण हसू नका. ती नोकरी पर्मनंट असते, तिच्यामागे राहायची खोली असते. वारसानं नोकरी घेतली तर खोली टिकते, नाही घेतली तर सोडावी लागते. वस्तीतल्या लोकांनी मला येड्यात काढलं. ते येडे नव्हते. हिशेब त्यांचा बरोबर होता.

मी नोकरी घेतली नाही. २०२३ साली जर्मनीला शिकायला गेलो. खोली गेली. आई मावशीकडे राहायला गेली. युरोपात मी पहिलं पाऊल ठेवलं ते या किमतीवर.

आता पैसा. तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल, जर्मनीत शिक्षण फुकट. खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरच्या पोरांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतं. पण फुकटाच्या दारात एक पेटी ठेवलेली असते. व्हिसा मागताना वर्षाचा खर्च आगाऊ एका बंद खात्यात भरून दाखवायचा. पैसे तुमचेच, पण दर महिन्याला ठरलेला हप्ताच हातात येणार. मी गेलो तेव्हा ११,२०८ युरो लागायचे. सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ लागू झाले, म्हणजे महिन्याला ९९२. युरोला शंभर रुपये धरा. बारा लाख झाले. ज्याच्या बापाच्या खात्यात बारा लाख पडून आहेत त्याला शिक्षण फुकट!

बँकेत गेलो. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण मागतात. काय तारण देणार? खोली पालिकेची. गावाकडे जमीन नाही. शेवटी आईचा प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी त्या बंद खात्यात जाऊन बसली. एकतीस वर्षांची पहाट एका कागदावर आली आणि त्या कागदावर शिक्का बसला.

शिष्यवृत्त्या आहेत. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. साऱ्या महाराष्ट्रातून पंच्याहत्तर! केंद्राची नॅशनल ओव्हरसीज १९५४-५५ पासून चालू आहे. २०२२ साली तिच्या नियमांत घातलं की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाजाचा अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती नाही. अर्थ काय घ्यायचा? बाहेर जा, पुलाचं, औषधाचं, कॉम्प्युटरचं शिका. आपल्या घरात काय जळतंय त्यावर बाहेर जाऊन अभ्यास करू नका. धूर शेजाऱ्याला दिसता कामा नये.

आता खोली. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असा कायदा आहे. आनमेल्डुंग म्हणतात त्याला. घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. या नोंदणीवर सगळं लटकलेलं असतं: कराचा नंबर, राहण्याचा परवाना. आणि खोल्यांचा दुष्काळ असा की एका खोलीमागे शंभर अर्ज. मग खोटे पत्ते विकणारे निघतात. पैसे घेतात आणि ज्या घरात तुम्ही कधी झोपला नाहीत त्या घरावर तुमचं नाव चढवतात. त्यात पडू नका. तो गुन्हा आहे, दंड मोठा आहे, आणि सापडतो तो नवा पोरगाच. विकणारा सापडत नाही.

मी आपल्याच लोकांचा ग्रुप धरला. मोबाइलवर मराठी माणसांचा ग्रुप. एका घरात खोली रिकामी होती. फोनवर गोड बोलणं झालं, पुरणपोळीपर्यंत पोचलो. मग प्रश्न आला, "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. "म्हणजे मूळचे कुठले?" तालुका सांगितला. "गावात कुठं घर?" दोस्तहो, जर्मनीच्या पोलिसांनी मला कधी विचारलं नाही गावात घर कुठल्या बाजूला. संध्याकाळी मेसेज आला, खोली आधीच दिलेली होती, आमच्यात सांगायचं राहून गेलं. ती खोली पुढे तीन आठवडे ग्रुपवर रिकामी दिसत होती.

पासपोर्टात जातीचा रकाना नाही. आडनावाचा आहे. तेवढा पुरतो.

खोली शेवटी दिली घानाच्या एका माणसानं. तो इमारती साफ करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होता. खोलीबरोबर काम पण दिलं. पहाटे चार ते सात, ऑफिसांचे मजले आणि संडास.

होय, झाडू. जो मुंबईत नाकारला तो कोलोनमध्ये हातात घेतला. आईला फोनवर सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "इतकं शिकून तिथं बी झाडूच का रे बाबा?"

तिला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. २०२४ साली जर्मनीत सर्वसाधारण किमान वेतन ताशी १२.४१ युरो होतं आणि इमारत सफाईचं ताशी १३.५०. नीट ऐका. संडास साफ करणाऱ्याचा किमान दर सर्वसाधारण किमान दरापेक्षा जास्त! कामगारांच्या युनियननं भांडून केलेला करार आहे तो. हातमोजे, बूट, यंत्र कंपनीचं. आजारी पडलो तरी पगार. सकाळी सातला मी झाडू कपाटात ठेवायचो, नऊला वर्गात बसायचो, आणि शेजारच्या बाकावरच्या पोरीला मी काय करतो ते माहीत होतं. ती स्वतः बेकरीत काम करायची. तिनं वही सरकवली, जागा बदलली नाही. आपल्याकडे माणसानं मैला उचलू नये म्हणून १९९३ ला एक कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला, आणि गटारात माणसं अजून मरतात. काम तेच आहे. तिथं ते कपाटात ठेवता येतं. इथं ते रक्तात घालून देतात.

पण मी तिकडचा दलाल होऊन आलेलो नाही. माझ्या पाळीत कोण होतं? घाना, सीरिया, तुर्की, पोलंड, अफगाणिस्तान. जर्मन माणूस एक, तोही साठीचा. झाडू तिथेही उतरंडीच्या खालच्याच हातात येतो. आणि स्टेशनावर म्हातारी माणसं कचऱ्याच्या डब्यांत बॅटरी मारून बाटल्या शोधतात. प्लास्टिकची बाटली परत केली की २५ सेंट मिळतात. देवनारच्या डंपिंगवर पोतं घेऊन फिरणारी बाई मला तिथं कोटटोपी घालून भेटली. श्रीमंत देश आहे. गरिबी इस्त्री करून ठेवलेली आहे, एवढंच.

आता प्रवास. तुम्ही त्याचीच वाट बघताय. मे २०२३ पासून जर्मनीत एक तिकीट निघालं, महिन्याला ४९ युरो. २०२५ ला ५८ झालं, २०२६ ला ६३. जलद गाड्या सोडून साऱ्या देशातल्या लोकल, बस, ट्राम त्यावर चालतात. गरीब विद्यार्थ्याला हे तिकीट म्हणजे पंख. राहण्याचा परवाना मिळाला की शेंगेनच्या बाकी देशांतही जाता येतं, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीवरचं छोटं गाव. १९८५ साली तिथं नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी सह्या केल्या. आता २९ देश आहेत. रात्रीची बस पकडायची, झोपायचं, सकाळी दुसरा देश.

पहिल्यांदा गेलो बॉनला. कोलोनहून लोकलनं अर्धा तास. तिथलं विद्यापीठ जुन्या राजवाड्यात भरतं. बाबासाहेबांनी १९२१ साली तिथं नाव नोंदवलं होतं. मी आवारातल्या गवतावर बसलो. लंडन बघायची इच्छा होती, पण लंडन शेंगेनमध्ये येत नाही, वेगळा व्हिसा, वेगळे पैसे. तिथं बसून मला त्यांचं परदेश आठवलं नाही. आठवलं ते परत येणं. १९१३ ला कोलंबियाला गेले, मग लंडन, १९१७ ला परत. चार वर्षं त्यांना कुणी शिवू नको म्हटलं नव्हतं. बडोद्यात नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, आणि लोक काठ्या घेऊन दारात आले. पुढे त्यांनी ते लिहून ठेवलं. त्या लिखाणाचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसा नाकारला तो त्यांच्याच देशानं.

मग बर्लिन. संसदेच्या जवळ, झाडांत, एक गोल काळं तळं आहे. मधे त्रिकोणी दगड, त्यावर रोज एक ताजं फूल ठेवतात. नाझींनी मारलेल्या सिंती आणि रोमा लोकांचं स्मारक. २०१२ साली उघडलं. हा वंशसंहार होता हे पश्चिम जर्मनीनं मान्य केलं १९८२ मध्ये, म्हणजे छळछावण्या बंद झाल्यावर सदतीस वर्षांनी. मेलेल्यांनाही रांगेत उभं केलं.

हे रोमा कोण? हजारेक वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघालेले लोक. त्यांच्या भाषेत पाण्याला पानीच म्हणतात, कानाला कान. १९७१ साली लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली, तिथं झेंडा ठरला. वर निळा, खाली हिरवा, मधे लाल चक्र. चक्राला सोळा आऱ्या.

त्यांच्यासाठी मी चेक देशातल्या ऑस्ट्राव्हाला गेलो. कोळशाचं, पोलादाचं शहर. तिथं रोमा पोरांना मंदबुद्धीच्या शाळांत टाकायचे. रोमा पोरगं तिथं जाण्याची शक्यता इतरांच्या २७ पट. अठरा पोरं कोर्टात गेली. खालच्या कोर्टांत हरली. स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं १३ नोव्हेंबर २००७ ला सांगितलं, हा भेदभाव आहे. आयफेल टॉवर मी पाहिला. बरा आहे. पण युरोपातून मी काय आणलं विचाराल तर ही अठरा पोरं आणली. आपल्यालाही मागच्या बाकावर बसवलेलं आहे.

आणि सीमा. नकाशावर सीमा नाहीत म्हणतात. जर्मनीनं सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी चालू केली. रात्री दोन वाजता बस थांबली. दोघे गणवेशवाले चढले. पन्नास माणसांत चार जणांना उठवलं. चौघेही काळेसावळे. माझा परवाना होता, मी परत बसलो. एक पोरगा खाली उतरवला. त्याची पिशवी बसमध्येच राहिली होती, ड्रायव्हरनं ती खाली रस्त्यावर ठेवली. २०१४ पासून भूमध्य समुद्रात ३०,००० हून जास्त माणसं बुडाली किंवा बेपत्ता झाली. मी विमानानं गेलो कारण आईकडे फंड होता. तेवढाच फरक.

आता तुम्ही विचाराल, जायचं की नाही? जा. ज्याला जमेल त्यानं जावं. पण एजंटाला पैसे देऊन जाऊ नका. अर्ज आपण स्वतः भरू शकतो. मी भरला. भाषा इथूनच शिकून जा. इंग्रजीवर वर्ग चालतो, खोली आणि काम जर्मनवर मिळतं. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. हा हिशेब वहीत लिहून ठेवा, मालक ठेवत नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आडनाववाल्यांचं जाळं आहे. काका आहे, मामा आहे, मित्राचा जावई आहे. विमानतळावर गाडी येते. आपला पोरगा उतरतो तेव्हा त्याला कुणी नसतं. ते जाळं आपण विणायचं. सुरुवात झालीय. आम्ही सहा जण आहोत, चार शहरांत. महिन्याला प्रत्येकी वीस युरो बाजूला काढतो. नव्यानं येणाऱ्याला पहिल्या महिन्याची गादी, कागद भरायला माणूस आणि घरमालकाशी बोलायला एक जर्मन बोलणारी जीभ, एवढं देतो. आडनाव विचारत नाही. मागच्या वर्षी मालेगावचा एक मुसलमान पोरगा राहून गेला, आता तो पण वीस युरो देतो.

आईचे पैसे फिटायला अजून चार वर्षं लागतील. मी कर्जच म्हणतो त्याला. ती म्हणत नाही. तिची खोली मी परत मिळवून देऊ शकत नाही, दुसरी घ्यायचीय.

ज्यांना अर्ज भरायचेत त्यांनी बैठक संपल्यावर थांबा. रविवारी सकाळी कागद घेऊन या. जन्माचा दाखला, मार्कशीटा, पासपोर्ट असेल तर पासपोर्ट. नसेल तर तिथूनच सुरू करू.