एका युनिटमागील चार आरंभ

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत आलापल्ली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विजेची बचत हा विषय मला देण्यात आला, तेव्हा काही मित्रांनी विनोदाने विचारले, "आता व्यापाऱ्यांना बिल कमी करायला तुम्ही शिकवणार काय?" त्यांचे म्हणणे रास्त आहे. पैशाची बचत आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. म्हणून मी बिलापासून सुरुवात न करता व्रतापासून करतो.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण हे एक व्रत आहे. गृहस्थाला संसार करताना काही हिंसा टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांनी जाणले होते. परंतु ज्या हिंसेचे काही प्रयोजनच नाही, ती तरी टाळा, असे हे व्रत सांगते. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात प्रमादचर्येचे वर्णन आहे. भूमी, जल, अग्नी आणि वायू यांचा निष्कारण आरंभ तेथे दोष मानला आहे. लहानपणी हे पाठ करताना मला वाटे, उगाच जमीन कोण खणतो, उगाच अग्नी कोण पेटवतो? आज मला वाटते, भिंतीवरचे एक बटण दाबून आपण हे चारही आरंभ एकदम करतो.

आपल्या जिल्ह्याच्या शेजारी, येथून शंभराहून अधिक किलोमीटरवर, चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे. १९८३ पासून ते वीज देत आहे. जुने दोन संच बंद झाल्यानंतरही त्याची क्षमता २९२० मेगावॅट असून महानिर्मितीचे ते सर्वांत मोठे केंद्र आहे. आपल्या घरात आलेली वीज नेमकी कोठली, हे तारेला विचारता येत नाही, कारण सारी जाळी एकच आहे. तरी तिच्यातील मोठा भाग कोळशाचा, हे निश्चित.

आता चार आरंभ पाहू. पहिला भूमीचा. दुर्गापूर, पद्मापूर या भागांतील खुल्या खाणी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना अधिक सांगणे नको. २००९ साली ताडोबाच्या कुशीतील लोहारा जंगलात कोळसा खाणीचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा चंद्रपूरकरांनी आंदोलन केले आणि ती खाण झाली नाही. त्या वेळी आपण आलापल्लीच्या सागवनातील माणसांनी समाधान मानले. पण खाण मागणारी भूक आपल्याही मीटरमधून जाते, हा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला? मी तरी केला नव्हता.

दुसरा जलाचा. केंद्राला पाणी इरई धरणाचे. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटले आणि पाण्याअभावी संच बंद ठेवावे लागले. तिसरा अग्नीचा. एक युनिट म्हणजे एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालणे. तेवढ्यासाठी भट्टीत सुमारे पाऊण किलो कोळसा जळतो. त्यातील जेमतेम एक तृतीयांश उष्णतेची वीज होते, उरलेली वाया जाते, आणि मागे राख उरते. चौथा वायूचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील गंभीर प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत चंद्रपूर वरच्या क्रमांकांत होते. आपल्यापैकी अनेकांचे सोयरे त्या शहरात राहतात.

प्रयोजन असेल तेथे वीज अवश्य वापरावी. मे महिन्यात पंखा बंद करून बसा, असे मी म्हणणार नाही. त्या तपाची माझी योग्यता नाही. मात्र अनर्थ कोठे आहे, हे शोधावे. मी माझ्या घरी एक प्रयोग केला. रात्री सारे दिवे-पंखे बंद करून मीटरपाशी उभा राहिलो. मीटरचा लाल ठिपका तरी लुकलुकतच होता! शोधता शोधता टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स सापडला आणि जिन्याखालचा जुना इन्व्हर्टर. आपल्याकडे वीज वारंवार जाते, म्हणून इन्व्हर्टर हवाच. परंतु बॅटरी भरल्यानंतरही जुना इन्व्हर्टर थोडी वीज ओढत राहतो. बॉक्सचे दहा वॅट धरले आणि दिवसाचे वीस तास तो कोणी पाहत नसताना सुरू राहिला, तर वर्षाला त्र्याहत्तर युनिटे होतात. पाऊण किलोने गुणा. पंचावन्न किलो कोळसा केवळ न पाहिलेल्या टीव्हीसाठी.

पंख्याचा हिशेब याहून मोठा आहे. जुना पंखा सुमारे पंचाहत्तर वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास, वर्षातून आठ महिने चालला तर एका पंख्यामागे सुमारे एकशे तीस युनिटे वाचतात, म्हणजे जवळजवळ एक क्विंटल कोळसा. ज्यांच्याकडे अजून जुना डब्यासारखा रेग्युलेटर आहे त्यांचा गैरसमजही दूर करतो. पंखा हळू केला तरी त्या रेग्युलेटरमध्ये वीज उष्णता होऊन जातेच. हात लावून पाहा, तो गरम लागेल.

कोरड्या उन्हाळ्यात आपला खसाचा कूलर एसीच्या कितीतरी पटीने कमी विजेत गारवा देतो. पावसाळी दमटपणात मात्र त्याचा उपयोग नाही, हेही खरे. एसी लावायचाच तर तो चोवीस अंशांवर ठेवावा.

दुकानांविषयी दोन शब्द. शीतपेटी भिंतीला चिकटवून ठेवली की तिची उष्णता बाहेर पडत नाही आणि यंत्र अखंड घरघरत राहते. झाकणाचे रबर सैल झाले असेल तर कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहा. सहज निघाली तर रबर बदला. ज्यांच्या गिरण्या किंवा लाकूड कापण्याची यंत्रे आहेत, ते जळालेली मोटार पुन्हा पुन्हा वाइंडिंग करून वापरतात. काम हलके झाले तर प्रत्येक वेळी मोटारीची कार्यक्षमता घटते आणि वाचवलेला पैसा बिलात परत जातो. सैल पट्टा आणि कोरडे बेअरिंग यांचेही तेच. घराच्या छतावर सौर पॅनेल बसविण्यास २०२४ साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. मात्र आधी गळती थांबवावी आणि मग टाकी भरावी, हा माझा क्रम.

आपल्या साधू-साध्वींना दिवा-पंखा वर्ज्य आहे. चातुर्मासात सायंकाळी त्यांच्यासमोर अंधारात आपण हात जोडून बसतो. ज्या घरी चौविहार पाळला जातो तेथे स्वयंपाकघर सूर्यास्तापूर्वीच आवरलेले असते. ही बचत कोणत्याही सरकारी फलकावाचून आपल्या घरात होती, आणि आपल्याच पिढीने ती सैल केली.

आता थोडे अप्रिय बोलतो, क्षमा असावी. महोत्सवानिमित्त आपल्या वास्तूवर आठ दिवस रोषणाई आहे. रोषणाई समितीत मीही होतो, म्हणून दोष माझाही. आज पहाटे पाच वाजता मी येथून गेलो, तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हते आणि माळा लखलखत होत्या. रात्री दहानंतर त्या बंद कराव्यात, असा ठराव विश्वस्त मंडळाने आजच करावा. नव्या सभागृहासाठी एसीचे दरपत्रक मागविले आहे, असे ऐकतो. त्याआधी छतावर पांढरा लेप आणि समोरासमोर मोठ्या खिडक्या यांचाही खर्च काढून पाहावा. पुढील वर्षापासून आपल्या अहवालात जमाखर्चाबरोबर संस्थेने वापरलेली युनिटेही छापावीत, ही दुसरी विनंती.

तिसरी विनंती व्यवस्थापक बंधूंना. मागील चार रांगांत कोणी बसलेले नाही. तेथील दिवे आणि पंखे कृपया आत्ताच बंद करावेत. जय जिनेंद्र.