आभाळाचा ब्लॉक

साथींनो, पंतप्रधान प्रवासाला निघाले की तेवढे आकाश तात्पुरते बंद होते. त्याला आमचा विरोध नाही. १९८४ आणि १९९१ या देशाने पाहिले आहे, सुरक्षा हवीच.

पण १४ फेब्रुवारी २०२२ आठवा. पंजाबात निवडणुकीचा प्रचार ऐन रंगात, आणि पंतप्रधानांच्या दौऱ्यासाठी आकाश बंद म्हणून मुख्यमंत्री चन्नी यांचे हेलिकॉप्टर चंदीगडहून उडूच दिले नाही. होशियारपूरची सभा त्यांना हुकली. अमेरिकेत फर्ग्युसनला २०१४ साली पोलिसांच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण मारला गेला, लोक रस्त्यावर आले. पोलिसांच्या मागणीवरून ३७ चौरस मैलांचे आकाश बंद झाले. कारण सांगितले सुरक्षेचे. पुढे ध्वनिफिती बाहेर आल्या, तेव्हा कळले की वार्ताहरांची हेलिकॉप्टरे दूर ठेवायची होती!

आपला गँगमन ब्लॉक घेतो तेव्हा काम काय, वेळ किती, सारे लिहून होते. जादा वेळ लागला तर जाब द्यावा लागतो. पुढाऱ्यांच्या ब्लॉकलाही हाच कायदा लावा, असे आम्ही म्हणतो. खासगीपणा त्यांनी घरात जपावा, त्यासाठी आकाश मिळणार नाही. आणि निवडणुकीत बंदीची वेळ विरोधी उमेदवारालाही आदल्या दिवशी लेखी कळलीच पाहिजे.