कॅमेरेवाले येतात त्याआधी

(शहापूर-मुरबाड भागातल्या वाड्या-पाड्यांच्या शिबिरात, आदल्या रात्री सिनेमा दाखवला होता, त्यावर सकाळच्या बैठकीत संघटनेच्या वतीने केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे.)



काल रात्री जनरेटर दोनदा बंद पडला, तरी कुणी उठून गेलं नाही. टीव्ही आणि व्हिडिओ आम्ही कल्याणहून भाड्याने आणला होता. पोरांना वाटलं मारामारीचा पिक्चर असेल. ती थोडी नाराज झाली, पण शेवटपर्यंत बसली.

जो सिनेमा बघितला त्याचं नाव 'हमारा शहर'. आनंद पटवर्धन यांनी तो १९८५ साली पुरा केला. त्यात कुणी नट नाही. मुंबईच्या फुटपाथवर आणि झोपडपट्टीत राहणारी खरी माणसं आहेत, त्यांच्या झोपड्या तोडणारे खरे लोक आहेत, आणि ही घाण हलवा म्हणणारे बंगलेवालेही खरेच. रात्री एका भावाने विचारलं, हे शहराचं झालं, आपल्या जंगलाचं त्यात काय? आम्ही म्हणतो, शब्द ऐका. तिथल्या झोपडीला सरकार काय म्हणतं? अतिक्रमण. आपल्या नागली-वरईच्या प्लॉटाला गार्ड काय म्हणतो? अतिक्रमण. शहर ज्यांनी बांधलं ते शहरात चोर, जंगल ज्यांनी राखलं ते जंगलात चोर.

पण आज बोलायचं आहे ते त्या बाईबद्दल. सिनेमात मधेच एक बाई कॅमेऱ्याकडे वळते आणि शूटिंगवाल्यांनाच धारेवर धरते. तुम्ही गरिबाचे फोटो काढाल, तुमचं नाव होईल, आमच्या पदरात काय पडणार, असा तिचा सवाल. काल त्या ठिकाणी आपल्या बाया हसल्या. काही गप्प झाल्या. आमच्या मते सगळ्या सिनेमात सगळ्यात खरं तिथंच आहे. दुसऱ्या कुणी तेवढा तुकडा कापून टाकला असता. पटवर्धनांनी ठेवला. आणि १९८६ मध्ये मुंबईत संजय गांधी नगरच्या झोपड्या तोडल्या तेव्हा ते नुसता कॅमेरा घेऊन गेले नाहीत, उपोषणाला बसले. शबाना आझमी याही बसल्या होत्या. त्या लोकांना गोरेगावच्या बाजूला दुसरी जागा मिळाली. बाईच्या सवालाचं हे पुरं उत्तर झालं असं आम्ही म्हणत नाही, पण तिचं बोलणं त्या माणसाने कानाआड केलं नाही, एवढं दिसतं.

आता आपली गोष्ट. गेल्या साली आपल्या एका वाडीवर एक पार्टी शूटिंगला आली. नाव सांगत नाही, कामही नाही. दोन दिवस राहिली, आपलीच भाकर खाल्ली. एका बाईला म्हणाले, चुलीवर रिकामी हंडी ठेव. तिच्या पोराने बाजारातून आणलेला नवा शर्ट घातला होता, तो काढायला लावला. प्लॉटाचं, दंडाच्या पावत्यांचं, फॉरेस्टच्या केसचं ती दीड तास बोलली. कॅसेट पाठवतो म्हणाले. अजून कॅसेट नाही. पुढे एका शहरातल्या साथीने ती फिल्म बघितली. त्यात बाईचं बोलणं दोन मिनिटंसुद्धा नव्हतं. हंडी आणि उघडं पोर मात्र होतं. ती बाई आज इथं बसली आहे. तिने आम्हाला विचारलं, माझं बोलणं कुठं गेलं? आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या पार्टीला आम्हीच वाडीवर नेलं होतं, हेही कबूल केलं पाहिजे.

जव्हारच्या वावर-वांगणीला १९९२-९३ मध्ये कुपोषणाने पोरं मेली, तेव्हा पत्रकार आले, कॅमेरे आले, गाड्यांची रांग लागली. ते आले म्हणून सरकार हललं, हे खरं आहे, नाकारू नका. पण आदिवासी म्हणजे हडकलेलं पोर, एवढंच चित्र शहराच्या डोक्यात बसलं. पोर का हडकलं, जमीन कुणी घेतली, रोजगार हमीचे पैसे का थकले, हे चित्रात येत नाही. ते बोलण्यात येतं. म्हणून बोलणं कापलं की आपली जमीनच कापली.

कॅमेरा मुळातच वाईट, असं कुणी समजू नये. दोन गोष्टी लांबच्या मुलखातल्या सांगतो.

कॅनडा देशात फोगो नावाचं बेट आहे. तिथं कोळी लोक राहतात, मासेमारीवर पोट. तिथल्या सरकारचा विचार होता की या लोकांना उठवून दुसरीकडे न्यावं. १९६७ साली कॉलिन लो नावाचा सिनेमावाला तिथं गेला. त्याने एक मोठा सिनेमा केला नाही, सत्तावीस लहान लहान केले. आणि रीत अशी ठेवली की जो बोलला त्याने आधी बघायचं, त्याने हो म्हटल्यावरच बाकीच्यांना दाखवायचं. मग एका गावचं दुसऱ्या गावाने बघितलं. एकमेकांशी न बोलणारी गावं, आपलं दुखणं एकच आहे हे त्यांना कळलं. नंतर ते मंत्र्यांना दाखवलं. कोळ्यांनी आपली सोसायटी काढली, लोक बेटावरच राहिले. सिनेमामुळेच झालं असं नाही, त्यांची एकी होतीच. पण एकीला तोंड मिळालं.

दुसरी ब्राझीलच्या जंगलातली. कायापो आदिवासींनी व्हिडिओ कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला. साहेबलोकांशी बैठक असली की यांचा माणूस कॅमेरा घेऊन उभा. साहेबाने दिलेला शब्द टेपवर. मग साहेब म्हणू शकत नाही की मी असं बोललोच नाही. १९८९ मध्ये शिंगू नदीवरच्या धरणांविरुद्ध आल्तामिराला मोठी सभा झाली, तिथंही त्यांचे कॅमेरे होते. ती धरणं तेव्हा थांबली. आपल्याकडे प्रांतसाहेब मोर्चापुढे येऊन किती वेळा 'पंधरा दिवसांत बघतो' म्हणाले, मोजा.

धरणाचं निघालं म्हणून सांगतो. सिमंतिनी धुरू आणि पटवर्धन यांनी १९९५ मध्ये नर्मदेवर सिनेमा केला, त्यात आपल्याच महाराष्ट्रातल्या आदिवासींची बुडणारी गावं आहेत. तो पुढच्या खेपेला आणू. बारवीत, भातसात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी तो मुद्दाम बघावा. त्या पाण्यावर डोंबिवलीचे कारखाने आणि मुंबई-ठाण्याचे नळ चालतात, पण नळ सोडणाऱ्याला आपली वाडी माहीत नाही.

आता कामाचं. येत्या रविवारी नवी पार्टी येते आहे. येऊ द्यायची की नाही, ते वाड्यांनी ठरवायचं, आम्ही नाही. येऊ द्यायची तर आमचं म्हणणं असं. ज्यांच्यावर फॉरेस्टच्या केसेस चालू आहेत त्यांचे चेहरे घेऊ नयेत. नवीन तोडलेलं झाड, ताजा राब दाखवू नये, कारण हीच फिल्म बघून गार्ड म्हणेल की प्लॉट कालचा आहे. दाखवायचं तर जुना बांध दाखवा, आजोबाने लावलेला आंबा दाखवा, आणि त्याच्याशेजारी उभं राहून म्हाताऱ्याने सांगावं की ३१ मार्च १९७८ च्या कितीतरी आधीपासून आम्ही इथं पेरतो. ज्याच्याकडे दंडाची पावती नाही त्याने तर जरूर बोलावं. कोर्टात ते चालेल की नाही ते वकिलाला विचारू, पण म्हातारे काही कायमचे नाहीत. पोरांचे शर्ट काढू नका. आणि जोडलेली फिल्म आधी इथं, याच अंगणात दाखवायची, मग मुंबईला. हे कागदावर लिहून त्यांची सही घ्यायची. सही देत नसतील तर त्यांना चहा पाजा आणि परत गाडीत बसवा.

पार्टी कसाऱ्याच्या गाडीने येईल, सकाळी आटगावला उतरेल. आणायला कोण जाणार ते जेवणाआधी ठरवा. गेल्या साली जिचं बोलणं कापलं त्या बाईने, मी जाते, असं म्हटलं आहे. तिच्यासोबत अजून दोघी पाहिजेत.