अर्थ कोणी लावावा?

कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट यांचे भांडण बायबल मानण्या-न मानण्याचे आहे, असे आपण पुष्कळदा समजतो. पण दोघेही ते ईश्वरप्रेरित मानतात. वाद आहे तो अर्थ ठरविण्याच्या अधिकाराचा.

१५२१ मध्ये वोर्म्सच्या सभेत लूथरने सांगितले, की पोप आणि धर्मपरिषदा चुकू शकतात. शास्त्राधाराने वा स्पष्ट युक्तिवादाने पटल्यावाचून आपण माघार घेणार नाही. १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने उत्तर दिले: प्रेषितांपासून चालत आलेली परंपराही ग्रंथाइतकीच आदरणीय, आणि अर्थनिर्णय चर्चचा. प्रॉटेस्टंटांची पुस्तके ६६, कॅथॉलिकांची ७३. ग्रंथात काय असावे हे कोणी ठरवावे, हाही त्यातलाच प्रश्न.

परंतु १५२९ मध्ये मारबुर्ग येथे लूथर आणि त्स्विंग्ली समोरासमोर बसले. पोपची सत्ता दोघांनीही झुगारलेली. तरी अखेरच्या भोजनातील भाकरीविषयीच्या ख्रिस्ताच्या एका वाक्यावर त्यांचे जमले नाही! ग्रंथ एक, अर्थ दोन.

उलट, १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अर्थनिर्णयाचा अधिकार चर्चकडेच ठेवला. मात्र तो अधिकार ईश्वरवचनाच्या वर नसून त्याचा सेवक आहे, असेही म्हटले.

ग्रंथ मुका असतो. बोलतो तो वाचणारा. म्हणून अर्थ सांगणाऱ्याला त्याची चूक दाखविण्याची वाट मोकळी आहे ना, एवढे आपण विचारीत राहिले पाहिजे.