जुन्या पेटीचा सौदा

अनंत फंदींच्या संगमनेरांत नव्या पेटीची किंमत न झेपणारा हौशी गृहस्थ जुनी पेटी शोधतो. दुकानदार आधीं पॉलिश दाखवितो. शहाण्यानें भाता पाहावा. तो भरून, एकहि पट्टी न दाबतां, लगेच बसला तर हवा गळते आहे. मग एकेक सूर ऐकावा. पितळी जीभ टोंकाशीं घासली कीं सूर चढतो, मुळाशीं घासली कीं उतरतो. वारंवार घासलेली जीभ केव्हां चिरेल, याचा नेम नाहीं. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटी वर्ज्य केली होती. भजनी मंडळांनीं ती सोडली नाहीं, हें बरें झालें! घरांतला वादक गेल्यावर पेटी विकणाऱ्या बाईनेंहि घाई करूं नये. दुकानदाराचें भांडवल गुंततें, हें खरें. पण किंमत बोलण्यापूर्वीं तिनें ती जाणत्याकडून वाजवून घ्यावी.