रजोनिवृत्ती आणि अस्थिस्वास्थ्य



अस्थी म्हणजे निर्जीव खांब नव्हेत. तेथे झीज आणि भर यांचा जमाखर्च अखंड चालू असतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक या खर्चावर अंकुश ठेवते. रजोनिवृत्तीच्या काळात ते ओसरते आणि पुढील काही वर्षांतच शिल्लक झपाट्याने घटते. वेदना मात्र होत नाही, हीच खरी फसगत. एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि सारे घर सांभाळणारी गृहिणी अंथरुणास खिळते. कित्येकींचा मणका न पडताही दबतो. पाठीला आलेला बाक 'वय झाले' म्हणून सोडून दिला जातो. रात्रीचा घाम, निद्रानाश, चिडचिड यांनाही घरात 'स्वभाव' असेच नाव मिळते!

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार या अवस्थेत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आवश्यक आहे. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करणाऱ्यांना दूध, दही, नाचणी यांचाच आधार. परंतु सर्वांना वाढून उरेल तेवढेच दूध गृहिणीच्या वाट्याला येते. कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व, म्हणजे ऊन हवे. जोडीला नित्य चालणे.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी वेदनारहित असते. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आल्यास अस्थिठिसूळता समजतात. तीवर औषधे आहेत. मात्र घरातून कोणी सोबत निघाल्याखेरीज बहुतेक भगिनी तपासणीस जातच नाहीत.